तिसरं पिल्लू कुठं गेलं?

 

आज २० मार्च, म्हणजे चिमणी दिवस. २०१० सालापासून हा दिवस पाळतात, आणि त्यात पुढाकार होता आपल्या नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांचा. इकडे आमच्या ख्रिस्ती घरांत सध्या लेंटचे दिवस चालू आहेत, म्हणजे ईस्टरच्या आधीचे उपवासाचे चाळीस दिवस. घरोघरी प्रार्थनासभा होतात. रेडिओच्या ताईंनी आमच्या गटाला बोलावलं आणि विचारलं, कशावर बोलाल? आम्ही म्हटलं, परसातल्या पाखरांवर. त्या हसल्या. बचत गट आणि पाखरं? हो बाई, तेच सांगायला आलोय.

आमचा गट बारा जणींचा. सात ख्रिस्ती, पाच जणींच्या घरी देव्हारा. गाव शेवगाव-नेवासा पट्ट्यातलं, नाथसागर तसा फार लांब नाही. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी येतात. ते बघायला शहरातली माणसं हातभर लांब कॅमेरे घेऊन येतात. आमच्यापैकी एकीनेही अजून रोहित बघितलेला नाही. त्या दिवसांत कापूस वेचायचा की पक्षी बघायला जायचं? आमची पाखरं म्हणजे मोरीच्या पाण्यावर वाढलेल्या केळीपाशी, कढीपत्त्यावर, गोठ्याच्या पत्र्यावर येणारी. तीही आम्ही जन्मभर बघत आलो असं वाटायचं. हाकलत आलो होतो, बघितली नव्हती.

सुरुवात कुरडयांवरून झाली. दोन वर्षांपूर्वी गटाने उन्हाळी वाळवणाच्या ऑर्डरी घ्यायचं ठरवलं. मोबाईलवरून फोटो पाठवायचे, गिऱ्हाईक बघून ऑर्डर देणार. बाजेवर पांढरं धोतर पसरून कुरडया घातल्या, फोटो काढले, पाठवले. एका बाईंचं उत्तर आलं, "कुरडया छान आहेत, पण चिमणीचे किती पैसे?" बघतो तर काय, कोपऱ्यात एक चिमणा कुरडईचा तुकडा चोचीत धरून ऐटीत बसलाय. गळ्याखाली काळा पट्टा, डोक्यावर राखाडी टोपी, गालफडं पांढरी. आमच्यातली एक म्हणाली, "अगं, हा असा दिसतो व्हय?" पन्नाशीची बाई, जन्म कौलाच्या घरात गेला, वळचणीला चिमण्यांची घरटी. आणि चिमणा कसा दिसतो ते तिला फोटोत कळलं.

मग नाद लागला. गटाचा मोबाईल रात्री हिशेबाला आणि सकाळी पाखरांना. शिकत गेलो तशी काही गोष्टी कळल्या, त्या पटकन सांगतो. ऊन आपल्या पाठीशी पाहिजे, सकाळी आठच्या आत. मोबाईलमध्ये बोटांनी फार मोठं करायचं नाही, चित्र फाटतं. मागे मागे पळायचं नाही. परळात पाणी ठेवून दाराआड स्टूल टाकून बसायचं, पाखरू आपणहून येतं. परळ उथळ पाहिजे, मध्ये एक खडा ठेवायचा आणि पाणी रोज बदलायचं, नाहीतर डासांची पैदास होते. खारं फरसाण, शिळी भाजी घालायची नाही. आणि घरट्याजवळ जायचंच नाही. आपल्या पावलांमागे मांजर जातं, कावळ्याला जागा कळते, कधी कधी आईच घरटं सोडून जाते. पिंजऱ्यातला पोपट बघून कुणाला फोटोचा मोह झाला तर एवढं लक्षात ठेवा, की आपल्याकडचे रानपोपट पिंजऱ्यात पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. आमच्या एका जावेने हे ऐकून तिचा पोपट सोडून दिला. अजून रागावलेली आहे आमच्यावर.

एकीची पोरगी कॉलेजात आहे. तिने सांगितलं की फेब्रुवारीत चार दिवस जगभर लोक आपापल्या परसातली पाखरं मोजतात, निदान पंधरा मिनिटं बसून. आम्हीही बसलो. पंधरा मिनिटांत नऊ जाती निघाल्या! चिमण्या, साळुंक्या, कावळे, होले, बुलबुल, दयाळ, शिंपी, शिंजीर आणि शेंगदाण्याच्या पाट्यावर उड्या मारणारी खार, जी पक्षी नाही म्हणून पोरीने काढून टाकली. म्हणजे आठच.

आता या पाखरांचा आणि शास्त्राचा संबंध सांगतो. आमच्या पाच मैत्रिणी ज्या ख्रिस्ती नाहीत, त्याही या सभांना चहाला म्हणून येऊन बसायच्या, नंतर बोलायलाही लागल्या. त्यामुळे हे बोलणं सगळ्यांचं आहे.

मागच्या लेंटमध्ये एका घरी प्रार्थनासभा होती. मत्तयाच्या सहाव्या अध्यायातला भाग वाचला. प्रभू येशू डोंगरावर बसून लोकांना सांगतात, की आकाशातल्या पाखरांकडे बघा, ती पेरणी करत नाहीत, कोठारं भरत नाहीत, तरी तुमचा स्वर्गातला बाप त्यांना खाऊ घालतो. वाचन झालं आणि आमच्या कोपऱ्यावरच्या मावशी, ज्यांनी त्या साली दीड एकर कांदा केला होता, त्या बोलल्या, "पाखरं पेरत न्हाईत, त्यांना मिळतं. आम्ही पेरतो, खुरपतो, काढतो, गोण्या भरतो, मग आमाला का मिळंना? गाडीभाडं सुद्धा निघालं न्हाई." पाळकीणबाई गप्प झाल्या. सभेत असं कुणी बोलत नाही.

पण आता आमच्याकडे बघायची सवय होती. दुसऱ्या दिवशी चौघी जणी गोठ्याच्या भिंतीसमोर बसलो. भिंतीच्या भोकात चिमणीची पिल्लं होती. सात ते आठ, एक तास, पाटीवर खडूने रेघा ओढल्या. चिमणा-चिमणी मिळून एकोणीस खेपा. दर खेपेला चोचीत अळी नाहीतर किडा, कारण पिल्लांना दाणा चालत नाही, चिमणी मोठेपणी दाणे खाते पण पिल्लांना किडेच भरवते. मावशी बघत होत्या. म्हणाल्या, "ही काय बसून खात न्हाई. ही बी माझ्यासारखीच राबतीय." आम्हाला तो भाग त्या दिवशी वेगळा कळला. येशूंनी हात जोडून बसा असं सांगितलेलं नाही, कारण पाखरं कुठे बसून असतात? काळजीने झोप उडवून घेऊ नका, असं सांगितलंय. मावशींचं समाधान झालं असं म्हणणार नाही. कांद्याचा भाव त्याने वाढला नाही. पण त्या सभेला यायच्या थांबल्या नाहीत, आणि हल्ली प्रश्न विचारायला त्याच पहिल्या.

कावळ्याचंही असंच. मोशेच्या नियमशास्त्रात कावळा अशुद्ध पक्ष्यांच्या यादीत आहे. तरी लूकच्या बाराव्या अध्यायात येशू पाखरांचं उदाहरण देताना नेमका कावळाच घेतात. आणि दुष्काळात एलिया संदेष्टा ओढ्याकाठी लपून राहिला होता, तेव्हा सकाळ-संध्याकाळ त्याला भाकरी आणि मांस आणून देणारे कावळेच. हे ऐकून आमच्या गटातली एक काकू म्हणाली, "आमच्यात पिंडाला कावळा शिवेपर्यंत जेवायला बसत नाहीत गं. एरवी दारात आला की दगड." दोन्हीकडे तोच पक्षी. काकूचं परस आणि आमचं परस एकच, मधे कुंपण सुद्धा नाही.

होल्याबद्दल एवढंच सांगतो. मुलाच्या जन्मानंतर बाईने देवळात कोकरू अर्पण करायचं आणि ते झेपत नसेल तर दोन होले नाहीतर पारव्याची दोन पिल्लं, असा नियम होता. मरिया बाळ येशूला घेऊन गेली तेव्हा तिने गरिबाचंच अर्पण केलं. तारेवर बसलेल्या होल्यांच्या जोडीचा फोटो आम्ही त्या दिवशी सगळ्यांना पाठवला, तर दोन बाळंतिणींनी तो मोबाईलच्या पडद्यावर लावून ठेवला.

आता चिमणीचं. मत्तयात म्हटलंय की एका नाण्याला दोन चिमण्या मिळतात. लूकमध्ये दोन नाण्यांना पाच. ते नाणं रोमी तांब्याचं, मजुराच्या एका दिवसाच्या रोजाचा सोळावा हिस्सा. आज बाईचा खुरपणीचा रोज ३०० धरला तर एकोणीस रुपयांच्या आत दोन चिमण्या. गरिबाचं खाणं होतं ते. आणि बाजार करणाऱ्या बायकांना पुढचा हिशेब समजावून सांगायला नको. एकाला दोन, तर दोनाला चार व्हायला पाहिजेत. पाच का? तर पाचवी वर टाकलेली. मेथीच्या चार जुड्या घेतल्या की भाजीवाली एक वाळकी जुडी वर टाकते ना, तशी. तिची किंमतच नाही. आणि लूक सांगतात की त्यांतली एकही देव विसरत नाही. आम्ही हे ऐकून खूप खूश झालो. त्यावर गाणं सुद्धा म्हटलं. पण खूश होणं सोपं होतं. आता जे सांगतो ते आमच्या लाजेचं आहे.

आमच्यातल्या एका ताईंचा मुलगा त्याच्या आदल्या कार्तिकात गेला. रात्री मोटारसायकलवरून येत होता, रस्त्यात मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली उभी होती. बावीस वर्षांचा होता. ताई म्हणाल्या आहेत, गोष्ट सांगा, नाव सांगू नका. तेव्हा आम्ही सगळ्या गेलो होतो. मातीला गेलो, आठ दिवस डबे दिले, रात्री प्रार्थनेला बसलो. मग कापूस आला, गहू आला, नाताळ झाला. आम्हाला वाटलं, आता सावरल्या असतील. मार्चमध्ये ताई गटाच्या बैठकीला आल्या नाहीत. पुढच्या आठवड्यातही नाहीत, तिसऱ्याही नाहीत. आमचा नियम आहे, न सांगता गैरहजर राहिलं तर वीस रुपये दंड. आम्ही वहीत लिहिलं: गैरहजर, २०. गैरहजर, २०. गैरहजर, २०. एकूण ६०. अक्षर चांगलं आहे, बेरीज बरोबर आहे. का आल्या नाहीत, हे विचारायला बारा घरांच्या गावकुसात एकही जण गेली नाही.

त्याच दिवसांत आमच्या एकीच्या जास्वंदीत लालबुड्या बुलबुलाने घरटं केलं. वाटीएवढं, काटक्या आणि मुळ्यांचं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वरून आत दिसायचं, त्यामुळे जवळ न जाता फोटो काढता आला. तीन अंडी, फिकट गुलाबी, वर तांबूस ठिपके. आम्ही रोज सकाळी गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकायचो. अंडी तीन. अंडी तीन. मग एक दिवस, पिल्लं तीन! डोळे मिटलेले, पिसं नाहीत, नुसत्या उघड्या चोची. सगळ्यांनी हात जोडले, फुलं पाठवली, वचनं पाठवली. ताई त्या ग्रुपवर होत्या, पण कार्तिकापासून त्यांनी एक अक्षर लिहिलं नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी खिडकीतून बघितलं तर घरट्यात दोन. तिसरं खाली मातीत, मुंग्या लागलेल्या. वारा होता का, मोठ्या पिल्लांनी ढकललं का, माहीत नाही. आम्ही काय केलं? खालचं उचलून केळीच्या बुडाशी पुरलं. आणि घरट्यातल्या दोघांचा छान फोटो काढून टाकला, "शुभ सकाळ" लिहून. मेलेल्याचं काय सांगायचं सकाळी सकाळी? पुन्हा हात जोडले गेले, पुन्हा फुलं आली. दहा जणींनी बघितलं, दहा जणींना छान वाटलं.

दुपारी ताईंचा मेसेज आला. तीनच शब्द. "तिसरं कुठं गेलं?"

काय उत्तर द्यायचं? मोबाईल हातात घेऊन आम्ही दोघी ओट्यावर बसून राहिलो. बारा बायकांत मोजणारी ती एकटी निघाली. आणि तिच्याच तीन बैठका आम्ही मोजल्या होत्या, वीस रुपयांच्या भावाने.

संध्याकाळी गेलो. ताई परसात बसल्या होत्या, पत्र्याच्या सावलीत. आम्ही खरं ते सांगितलं, की पिल्लू पडलं, मेलं, आम्ही पुरलं आणि सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "असंच करता तुम्ही. त्याचं नाव घेतल्यावर मी रडेन म्हणून माझ्यापुढं कुणी नावच घेत न्हाई." मग बराच वेळ कुणी बोललं नाही. पुढे त्या म्हणाल्या की समजूत काढायला येणारा प्रत्येक जण देवाची इच्छा म्हणतो, तेव्हा कानावर हात ठेवावेसे वाटतात. आम्हीही तेच म्हणून आलो होतो, कार्तिकात.

मग त्यांनी स्वतःच चिमणीचं वचन काढलं. मत्तय दहा. म्हणाल्या, "तुम्ही गाणं म्हणता ना त्याच्यावर. नीट वाचलंय का? चिमणी पडतेच त्याच्यात. पडणार न्हाई असं कुठं लिवलंय? बापाला सोडून पडत न्हाई, एवढंच लिवलंय. पडते तवा तो तिथं असतो." आणि मग, "तुम्ही नव्हता."

मैत्रिणींनो, आमच्यापैकी काहींनी ते वचन शंभर वेळा वाचलं असेल, लहानपणी रविवारच्या शाळेत पाठ केलंय. आमच्या मनात त्याचा अर्थ होता, की देव पडू देत नाही. म्हणून जी पडते तिच्यापाशी आम्ही थांबत नव्हतो, कारण तिथे आमचं वचन खोटं ठरेल अशी भीती. ताईंनी ते एका वाक्यात सरळ केलं. आपल्या डॉक्टर सालिम अलींना सगळे पक्षीतज्ज्ञ म्हणून ओळखतात. त्यांच्या इंग्रजी आत्मचरित्राच्या नावाचा अर्थ 'चिमणीचं पडणं' असाच आहे, आणि तो शब्दप्रयोग याच वचनावरून आलेला. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी म्हणून विचारत ते मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत गेले आणि जन्माचे पक्ष्यांचे झाले. पडलेल्या चिमणीकडे त्यांनी वाकून बघितलं म्हणून हे झालं. आणि आपल्या नगरचे रेव्हरंड ना. वा. टिळक, त्यांची 'केवढे हे क्रौर्य' ही कविता अनेकींना शाळेत होती. घायाळ झालेली पक्षीण पिल्लांकडे निघालेली. वर्गात कितीजणी रडायच्या! शाळा सुटल्यावर आम्ही ते विसरलो.

ताईंनी त्यांचा मोबाईल दाखवला. मुलाचाच होता, काच तडकलेली. त्यात परसातल्या चिमण्यांचे फोटो, एकेचाळीस. बैठकीला न येता त्या हेच करत होत्या. पण आता नवीन फोटो निघत नव्हता, जागा भरली म्हणून सांगत होता, काहीतरी पुसा म्हणत होता. आणि त्यात मुलाचे फोटो, त्याच्या मित्रांचे, बैलपोळ्याचे, मोटारसायकलचे, तोंड वेडंवाकडं करून काढलेले. त्यातलं एकही त्यांना पुसायचं नव्हतं. म्हणून गेले पंधरा दिवस रोज एक चिमणी पुसून दुसरी काढत होत्या.

आम्ही चौघींनी पैसे काढून मेमरी कार्ड आणलं. कॉलेजवाल्या पोरीने मुलाचे सगळे फोटो आधी कार्डावर घेतले, दोनदा तपासले. ते तपासताना आम्ही एकेक फोटो बघत गेलो, ताई त्याचं नाव घेऊन सांगत गेल्या, हा कुठला, तो कुठला. रात्रीचे अकरा वाजले. त्या रडल्या, आम्हीही रडलो, मधेच त्याच्या एका फोटोवर पोट धरून हसलोही.

पुढच्या बैठकीत ताईंचा दंड माफ करायचा विषय निघाला. इथे सगळं गोड झालं असं समजू नका. एक जण म्हणाली, नियम म्हणजे नियम, आज एकीला माफ, उद्या सगळ्या मागतील. भांडण झालं. शेवटी ताईंनीच साठ रुपये टेबलावर ठेवले आणि पावती मागितली. पण ठराव झाला: कुणी लागोपाठ दोनदा आली नाही, तर दंड लिहिण्याआधी दोघींनी तिच्या घरी जायचं, आणि काय कळलं ते वहीत लिहायचं. वर्ष झालं. चार घरी गेलो. एकीकडे नवऱ्याचं आजारपण निघालं, एकीकडे सुनेशी अबोला, एकीच्या मागे खाजगी वसुलीवाला लागला होता, त्यावर गटातून मार्ग काढता आला. चौथी नुसती कंटाळली होती. तिनेही चहा दिला.

बुलबुलाची उरलेली दोन पिल्लं बाराव्या दिवशी उडाली. त्याचा फोटो आम्हाला मिळाला नाही, दूध तापत होतं.

यंदा उन्हं लवकर तापली आहेत. बारा घरी बारा परळं ठेवलीत, आणि रोज सकाळी किती आली ते ग्रुपवर टाकायचं असं चाललंय. काल ताईंनी एक फोटो पाठवला. परळाच्या काठावर चिमणी, मादी, साधी तपकिरी. अर्धीच आलीय, शेपटी कापली गेलीय. खाली त्यांनी लिहिलंय, "सात. फोटोत एकच हाय, बाकी सा भिंतीआड हायेत."